पेटीतला बारावा खळगा

आमच्या घरात देव्हारे दोन आहेत, असं माझी बायको आल्यागेल्याला सांगायची. एक तिचा, स्वयंपाकघरातला. दुसरा माझा, म्हणजे फणसाच्या लाकडाची एक चपटी पेटी. आत निळं मखमल आणि त्यात सुताराने बेतून दिलेले बारा वाटोळे खळगे. तिच्या देवांना रोज आंघोळ, गंध, फूल, दुधाची वाटी. माझ्या पेटीतल्यांना वर्षानुवर्षं काही नाही. "तुमचे देव बरे," ती म्हणायची, "नैवेद्याची कटकट नाही."

पेटीत जुनी चांदीची पदकं होती, आणि तीही सगळी एकाच जातीची. एका राजाने दुसऱ्या राजाकडे वकील पाठवले, नजराणे दिले-घेतले, तह झाला किंवा नुसतीच ओळखपाळख झाली, की त्याची आठवण म्हणून दरबारातून जी पदकं पाडून वाटत, ती. लढाईच्या पदकांना आमच्या रत्नागिरीत तोटा नव्हता. महायुद्धावरून परतलेल्या पेन्शनरांच्या घरी ती खुंटीला लटकलेली असत. ती मला कुणी फुकट दिली तरी नको होती. चार माणसं समुद्र ओलांडून जातात, परक्या दरबारात परक्या भाषेत बोलतात आणि कुणाचं डोकं न फुटता घरी परत येतात, याचं मला फार अप्रूप होतं.

अप्रूप असण्याचं कारण उघड आहे. मी स्वतः पहिल्या नंबरचा भांडखोर. मांडवीच्या बंदरावर जकात कचेरीत मी कारकून होतो. आगबोटीतून उतरणाऱ्या उतारूंच्या बोचक्यांवरून माझी दिवसाकाठी दोन-तीनदा तरी खडाजंगी व्हायची. खलाशी मला पाठीमागे 'लवंगी' म्हणत. मिरची शब्द ते गाळत, पण तो सगळ्यांना ऐकू येई. मलाही.

पदकांचा नाद लागला तो मुलीच्या वाळ्यांपायी. महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. मुलगी पाऊल टाकायला लागली म्हणून तिच्या पायांत चांदीचे वाळे घालायचं ठरलं. आमचे सोनार रामआळीत बसत. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, बोलणं हळू, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. सगळं गाव त्यांना शेट म्हणे. मी गेलो तेव्हा शेट बागेसरीतले, म्हणजे सोनारी शेगडीतले, निखारे फुंकत होते आणि मुशीत मोडीची चांदी टाकत होते. तुटकी साखळी, चेपलेली फुलपात्री, जोडवी असं काय काय गेलं. मग त्यांनी चिमट्यात एक चकती धरली. निखाऱ्याच्या उजेडात तिच्यावर मला दोन माणसं दिसली.

"थांबा!" मी ओरडलो. शेटच्या हातातून फुंकणी पडली.

चकतीवर एक टोपीवाला आणि एक पगडीवाला समोरासमोर उभे होते. दोघांच्या हातांत मिळून एकच खलिता. मागे गलबताची डोलकाठी. दोघंही थोडे वाकले होते, आणि अगदी सारखेच वाकले होते. कुणी एक सूतभर जास्त नाही की कमी नाही. मी बराच वेळ बघत बसलो. माझ्या आयुष्यात मी कुणासमोर तेवढा वाकलो नव्हतो आणि माझ्यासमोर कुणी वाकल्याचंही मला आठवत नव्हतं.

"भाऊ, ही आत गेली तरच वाळे व्हायचे," शेट म्हणाले. "आज दुसरी मोड नाय माझ्याकडं."

"मग वाळे राहू देत."

घरी काय झालं असेल ते विवाहितांना सांगायला नको. "पोरीचे पाय उघडे नि बापाच्या मुठीत चकती!" हे वाक्य पुढे वर्षभर आमच्या घरात म्हणीसारखं चाललं. वाळे दोन महिने उशिरा आले. मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही ही हकिगत माझ्या देखत ऐकवण्यात आली.

पण शेटनी त्या दिवसापासून दुकानाच्या कोनाड्यात एक करवंटी ठेवली. मोडीत कधी परक्या मुलखाचं काही आलं, तर ते मुशीत जायच्या आधी करवंटीत जायचं. आमच्याकडचे खलाशी कुठल्या बंदरात गेले नसतील सांगता येत नाही. एडन, बसरा, झांजिबार, पार विलायतेपर्यंत. येताना कुणी काही आणलं, पोराच्या गळ्यात बांधलं, पोर मोठं झालं, की ते मोडीत यायचं. माझ्या अकरा पदकांपैकी सातांना दोरा ओवायला भोक पाडलेलं आहे. शेटना त्यावरचं एक अक्षर वाचता येत नसे, पण नुसत्या अंगठ्याने ते सांगत, "ही आपल्याकडची ठोकलेली नाय, दाबून काढलेली हाय." जेवढी चांदी पदकाची, तेवढी ते माझ्याकडून घेत. वर काही नाही. करवंटीत बहुतेक वेळा परकी नाणी किंवा गुंड्या निघत. वर्षाकाठी एखादं माझ्या कामाचं. तेव्हा शेट कचेरीत कुणाबरोबर तरी निरोप धाडत, "भाऊंना सांगा, पाव्हणा आलाय." त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. दोनदा बोलायला गेलो, तर त्यांनी फुंकणी तोंडाला लावली.

आता एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, ती सांगायला बरी वाटत नाही. पेटी झाली त्या वर्षी दसऱ्याला मी कचेरीतून घरी आलो, तर पाटावर माझी पदकं मांडलेली. बायकोने ती राखेने घासून लख्ख केली होती आणि प्रत्येकावर हळदकुंकू वाहिलं होतं. लोक त्या दिवशी कोयते, वजनं-मापं, पुस्तकं पुजतात, तशी तिने नवऱ्याची पदकं पुजली होती. जुन्या चांदीच्या खाचांत जो काळेपणा साठतो, त्यानेच तर चेहरे उठून दिसतात. तो गेला होता. कुंकवाचे डाग पडले होते ते वेगळेच. मी इतका ओरडलो की शेजारचे मास्तर सोन्याची पानं हातात घेऊन आले होते, ते दारातूनच परत गेले.

"तुमच्या देवांना देव मानलं, एवढीच माझी चूक," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्या पेटीला हात लावला नाही. झाडताना पेटीभोवतीची जागा झाडायची, पेटी तशीच. माफी मागावी असं मला त्याच संध्याकाळी वाटलं होतं. पण मागायची राहिली ती राहिलीच.

अकरा खळगे भरले आणि बारावा तीन वर्षं रिकामा राहिला. मुलगी तेव्हा मराठी सातवीत होती. शिमगा नुकताच उलगडला होता, लग्नसराई तोंडावर होती, आणि शेटचा निरोप आला. पण निरोपात 'पाव्हणा' शब्द नव्हता. नुसतं "येऊन जा" असं होतं.

आमच्याकडे घरात लग्न निघालं की आधी देव उजळतात. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे कुलदैवताच्या आणि पूर्वजांच्या उठावाच्या चकत्या, फडक्यात बांधून सोनाराकडे नेतात. सोनार ते उजळून देतो. फार झिजलेला टाक असला तर मोडून त्याच चांदीचा नवा घडवतो. गुहागरच्या अलीकडच्या एका गावातून एक बाई असे पाच टाक घेऊन आली होती. घर खलाश्यांचं, दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्यांचं. बाई विधवा, मुलीचं लग्न काढलेलं. तिचं माहेर मांडवीत, म्हणून त्यांचे देव शेटच्या घराण्याकडेच उजळायचे. पाचातला एक टाक पार गुळगुळीत झाला होता. "हा आमचा मूळपुरुष," तिने शेटना सांगितलं होतं. "रोजच्या आंघोळीनं तोंड गेलं त्याचं. मोडून नवा करा. आठ दिसांनी येते."

मूळपुरुषाच्या टाकाला कुणा जुन्या सोनाराने कडं बसवून मागे लाख भरली होती, बाकीच्या टाकांसारखा तो ताटलीत नीट बसावा म्हणून. मोडण्यापूर्वी शेटनी तो शेकला. लाख वितळून गळली, कडं सुटलं, आणि शेटनी तो उलटा केला.

मी बघितलं ते असं. वरची बाजू, म्हणजे जिला इतकी वर्षं गंध लावलं ती, हाताच्या तळव्यासारखी सपाट. तिरकी धरली तर कुठे एक नाक, कुठे दाढी. आणि खालची बाजू, लाखेखाली झाकलेली, काल टांकसाळीतून निघाल्यासारखी. तीन डोलकाठ्यांचं जहाज, किनाऱ्यावर खजुराचं झाड, झाडाखाली बसलेला कुणी सुलतान आणि त्याच्यासमोर खलिता धरून उभे दोन वकील. हे चित्र मी ओळखत होतो. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका इंग्रजी सूचिपत्रात ते होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं की चांदीत ही पदकं अगदी थोडी पाडली होती. ते पान मी इतक्यांदा उघडलं होतं की पुस्तक आपणहून तिथेच उघडे.

"शेट," मी म्हणालो, "एवढ्याच वजनाची चांदी मी आणून देतो. तिचा टाक करा. बाईंना नवा मूळपुरुष मिळेल, मला हे मिळेल. कुणाचं काही जात नाही."

शेटनी मान हलवली. "देवाची मोड देवातच जाते, भाऊ. बापजाद्यांपास्नं रीत हाय. तिच्यातली गुंजभर पण दुसरीकडं वळवायची नाय."

"अहो, पण त्यांनीच मोडायला सांगितलंय ना?"

"मोडायला सांगितलंय. तुमाला द्यायला नाय सांगितलं."

मी चिडलो. चांदी ती चांदी, मुशीत गेल्यावर देवाची कुठली नि जोडव्याची कुठली, तुम्ही सोनार की भटजी, असं वाट्टेल ते बोललो. शेट ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पदक फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "आज घरी न्या," ते म्हणाले. "नीट बघा. बाई यायला अजून सा दिस हायत. मग काय ते मला सांगा." मी त्या पदकासाठी काय करू शकेन, हे ते नुकतंच बघून बसले होते. तरीही दिलं.

दुसरा दिवस रविवार. सकाळी पडवीत उन्हाला बसून मी भिंग लावून पदकाची कड बघायला लागलो. कडेवर, कड्याखाली आजवर लपलेली, मोडी अक्षरं होती. टांकसाळीतली नव्हेत. आमच्याकडच्याच कुणा सोनाराने बारीक टोच्याने कोरलेली. कचेरीत सगळी हयात मोडी वाचण्यात चाललेली, मला वाचायला वेळ लागला नाही. एक नाव, पुढे वडिलांचं नाव, 'तांडेल' म्हणजे खलाश्यांचा म्होरक्या, गावाचं नाव आणि 'वकिलाचे जहाजावर'. गाव तेच, जिथून ती बाई आली होती.

खरं सांगतो, आधी मला नुसता आनंद झाला. नाव कोरलेलं पदक! असं सूचिपत्रातही नव्हतं. मी ते बाराव्या खळग्यात ठेवून बघितलं. नीट बसलं. मग बायकोला हाक मारली आणि तिला सगळं सांगितलं. वकिलांना घेऊन जाणारं जहाज आमच्या किनाऱ्यावरच्या एका तांडेलाने वाट दाखवून नेलं असणार, त्याला हे पदक मिळालं, त्याने घरी येऊन आपलं नाव त्यावर घालून घेतलं, तो मेला आणि पोरांनी पदक देव्हाऱ्यात ठेवलं. पुढे नाव कड्याखाली गेलं आणि परक्या राजाचं तोंड तेवढं वर राहिलं. त्यालाच हे लोक आपला मूळपुरुष समजून आंघोळ घालत आले. मला ते सांगताना हसू येत होतं.

ती हसली नाही. पेटीला हात न लावता तिने वाकून आत बघितलं. "या बाकीच्या अकरांवरही कुणाकुणाचे आजे-पणजे असतील," ती म्हणाली. "त्यांची घरं तुम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून ते तुमचे. याचं घर तुम्हाला ठाऊक आहे."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिचंही त्यावाचून काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कचेरीत रजेचा अर्ज दिला.

आठव्या दिवशी बाई येणारच होती, तोवर थांबता आलं असतं. पण मूळपुरुष मोडायचा की ठेवायचा, हे ती एकटी कशी ठरवणार? घरात मोठा दीर होता. शिवाय मला स्वतःचा भरवसा नव्हता. आणखी तीन दिवस पदक घरात राहिलं असतं, तर मी काहीतरी कारण शोधून काढलं असतं. शेटना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे वकील म्हणून निघालात." बायकोने भाकरी बांधून दिली. "भांडून येऊ नका म्हणजे मिळवली," ती म्हणाली.

जयगडपर्यंत मचव्यातून गेलो, तिथून तरीने खाडी ओलांडून तवसाळला आणि पुढे बैलगाडीने. वकिलाने नीटनेटकं जावं म्हणून मी माझ्याकडचा सगळ्यात चांगला कोट घातला होता. तो कचेरीचा होता, पितळी बटणांचा. यात काही चुकतंय असं मला वाटेत एकदाही वाटलं नाही.

नारळी-पोफळींच्या आगरात घर होतं. अंगणात झापांचा मांडव घालणं चाललं होतं. मी कुंपणाच्या बेड्यातून आत पाऊल टाकलं मात्र, सगळं थांबलं. मांडवावरचा माणूस मांडवावरच राहिला. आत कुणीतरी धावलं, काहीतरी ओढलं, भांडी पडली. दाराच्या फटीतून मला एक विलायती घड्याळ आणि रेशमाचा तागा भाताच्या कणगीमागे जाताना स्पष्ट दिसला. ओटीवर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा उठून उभा राहिला. तो बाईचा दीर, सगळी हयात जहाजावर घालवलेला.

"आमच्याकडं काय नाय, सायब," तो म्हणाला. "लग्नाचं घर हाय. बगायचं तर बगून घ्या."

"ह्यो तर मांडवीचा लवंगी!" मांडवावरून आवाज आला.

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब मी यांचा देव परत करायला आलो, आणि हे मला चोर पकडणारा समजतात! कणगीमागचं घड्याळही आता डोळ्यांत खुपायला लागलं. तोंडाशी आलेलं सगळं मी बोललो असतो, तर उलट्या पावली परत जाऊन पदक खुशाल पेटीत ठेवायला मोकळा होतो. अगदी रीतसर भांडण होऊन. तेव्हा मला ते दोघं आठवले, टोपीवाला आणि पगडीवाला. मी कोट काढला, घडी करून बेड्यावर ठेवला आणि सदऱ्यानिशी जाऊन ओटीच्या पायरीवर बसलो.

"मी जकातीचा म्हणून आलो नाही," मी म्हणालो. "शेटनी पाठवलंय. तुमचा देव घेऊन आलोय."

थोड्या वेळाने गूळपाणी आलं. बाई दाराशी येऊन उभी राहिली. फडकं सोडून मी पदक मांडीवर घेतलं. आता कसं सांगायचं, हा सगळा रस्ता मी घोकत आलो होतो, ते साफ विसरलो. मग आलं तसं सांगितलं. वरचं तोंड तुमच्या मूळपुरुषाचं नव्हे, ते एका परक्या राजाचं आहे.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मंग आमी इतकी वर्सं पुजलं ते कुनाला?"

मी पदक उलटलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यांपासून लांब धरलं. वकील त्याला दिसलेच नाहीत, सुलतानही नाही. तो जहाज बघत राहिला. "नांगर टाकलाय," तो हळूच म्हणाला. "शिडं गुंडाळलेली हायत बगा. हितं पाणी उथळ आसनार. कुनी वाट दावल्याबिगर येवडं जाज हितवर यायचं नाय."

"वाट दाखवणाऱ्याचं नाव कडेवर आहे," मी म्हणालो. "तुमच्याच गावचा तांडेल. टाक त्याचाच आहे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि श्राद्धात घेतात तशी नावं घेतली. बाप, आजा, पणजा. तिथे थांबला. "ह्येच्या म्होरलं नाव आमाला ठावं नाय," तो म्हणाला. "म्हणून मूळपुरुष म्हणतो." मी कडेवरचं नाव वाचलं. त्याने ते एकदा म्हटलं, मग पुन्हा पहिल्यापासून बाप, आजा, पणजा म्हणत आला आणि या खेपेला थांबला नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या घरचं आहे.

बाईचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. ती त्या घरची सून. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव ती घेणार कशी? तिने आत बघून लेकीला हाक मारली. नवरीमुलगी उंबऱ्यात आली. "तू घे गो नाव," बाई तिला म्हणाली. "तू हितली लेक हायस. चार दिसांनी परक्या घरची व्हशील. आता घे." मुलीने खणखणीत आवाजात नाव घेतलं. बाईने दोन्ही हात जोडले आणि जिकडे पदक होतं तिकडे नव्हे, मुलीच्या आवाजाकडे तोंड करून नमस्कार केला.

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ पदकं बघितली. पण ती कशासाठी पाडतात, हे मला त्या ओटीवर कळलं. आणि तरीही खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही निळ्या मखमलीतला तो रिकामा खळगा माझ्या डोळ्यांपुढे होता.

मोडायचा नाही, असं म्हाताऱ्याने सांगितलं. "तुमाला काय द्यावं, दादा?" बाईने विचारलं. मी म्हटलं, काही नको, एवढंच करा, जहाजाची बाजू वर ठेवा आणि याला राखेने घासू नका. "राखेनं नाय, मंग कशानं?" ती हसून म्हणाली. "नुसत्या पाण्याने," मी म्हणालो. "चांदीवरचा काळेपणा असू दे. त्याच्यानेच चित्र दिसतं." हे मी किती शांतपणे बोललो, ते माझं मलाच ऐकू आलं. हेच वाक्य एका दसऱ्याला मी कसं बोललो होतो, तेही.

नवं कडं बसवायला पदक मी परत शेटकडे आणलं. बाई ठरल्या दिवशी येऊन पाचही टाक घेऊन गेली. शेटनी मूळपुरुषाला नवं कडं बसवलं, पण कडेवरचं नाव उघडं राहील असं. त्या कामाची मजुरी त्यांनी कुणाकडूनच घेतली नाही. "पाव्हणा घरी पोचला," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या दिवसांत त्या घरचा एक खलाशी कचेरीत आला. मी त्याचं बोचकं तपासायला हात पुढे केला, तर त्याने केळीच्या पानात बांधलेली नारळाची अर्धी वाटी माझ्या हातावर ठेवली. शिमग्यात मूळपुरुषाच्या नावाने नारळ फोडतात, त्यातली निम्मी वाटी तुमची, असं काकींनी सांगितलंय, म्हणाला. कचेरीतले सगळे बघत होते. मी त्याला "बोचकं उचल, चल," एवढंच म्हटलं, तेही खेकसून.

खोबरं घरी आणून बायकोच्या हातात दिलं आणि कुठून आलं ते सांगितलं. हातपाय धुऊन मी आत आलो, तर माझी पेटी उघडी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने तिला हात लावला होता. अकरा पदकं जशीच्या तशी, एकालाही बोट लागलेलं नव्हतं. बाराव्या रिकाम्या खळग्यात हळदकुंकू वाहिलेलं होतं, आणि त्यावर खोबऱ्याचा तुकडा.

"आला बाई एकदाचा नैवेद्य तुमच्याही देवाला," ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

त्यानंतर दर शिमग्याला अर्धी वाटी येत राहिली, आणि दर शिमग्याला ती तसंच करत आली. कुंकवाने मखमल कायमचं खराब होतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.